डाव्या कडीची बंदूक

बंदूक आणि मी यांच्यात गेली बावीस वर्षं फक्त एक लोखंडी जाळीचा सरकता दरवाजा आहे. दरवाजाच्या तिकडच्या बाजूला स्टुलावर आमच्या शाखेचे सुभेदार बसतात. ते खरोखरच फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले आहेत. शाखाधिकारीसुद्धा त्यांना 'सुभेदारसाहेब' म्हणतात आणि आम्हाला नुसतं 'अहो'. त्यांच्या मांडीवर बारा बोअरची दुनळी असते. इकडच्या बाजूला मी असतो आणि माझ्यासमोर खातेदार असतात. त्या दुनळीचा बार उडालेला मी आजवर ऐकलेला नाही. खातेदारांचा भडका मात्र रोज उडतो.

बंदुकीशी माझा संबंध हा एवढाच. विलेपार्ल्यात लोक मला विचारतात ते मुदत ठेवीच्या व्याजाबद्दल, नाहीतर रविवारी दीनानाथला कुठलं नाटक आहे याबद्दल. त्यामुळे एका रविवारी सकाळी, साबुदाण्याच्या खिचडीचा पहिला घास तोंडात असताना, अमेरिकेतल्या कोलोरॅडोहून भाच्याचा निरोप मोबाइलवर उमटला, तो मी दोनदा वाचला. मग चष्मा पुसून तिसऱ्यांदा वाचला. 'मामा, एल्कच्या शिकारीसाठी बोल्टची रायफल घ्यायची आहे. डावी घेऊ की उजवी?'

दहा मिनिटांत हनुमान रोडवरून ताईचा फोन. "तुला कळलं ना? तो हरणं मारायला निघालाय. तू त्याला समजाव. तुझं ऐकतो तो."

म्हणजे मुलगा विचारत होता, कुठली घेऊ. आणि आई सांगत होती, घेऊच देऊ नकोस. अंकांत एक रक्कम आणि अक्षरांत दुसरी असा चेक आला की आम्ही त्याला चिठ्ठी लावतो आणि परत करतो. बहीण आणि भाचा यांना चिठ्ठी लावून परत करण्याची सोय अजून निघालेली नाही.

एल्क म्हणजे आपल्या काश्मीरच्या हंगुलाचा अमेरिकेतला नातेवाईक. मोठा नर तीनशे किलोंच्याही पुढे जातो, म्हणजे माझ्या तीन स्कूटर एकावर एक. डोक्यावर झाडाच्या वाळक्या फांद्यांसारखी शिंगं. ती दरवर्षी गळतात आणि दरवर्षी नवी येतात. भाच्याचा शेजारी एक निवृत्त शिक्षक आहे. तो दर ऑक्टोबरात डोंगरात जातो, जमलं तर एक एल्क घेऊन येतो आणि वर्षभर तेच मांस खातो. त्याने याला म्हटलं, चल बरोबर. बारा वर्षं संगणकासमोर बसून पाठ धरलेला माणूस 'चल' म्हटल्यावर कुठेही जातो.

पण डावं की उजवं हे त्याने मलाच का विचारावं? आमच्या घराण्यात दर पिढीला एक डावरा निघतो, म्हणून. आधी आजोबा, मग मी, आणि मग हा. त्यातला मी अर्धवट डावरा. पहिलीत असताना मला पट्टीच्या जोरावर 'सुधारण्यात' आलं. परिणामी मी लिहितो उजव्या हाताने, आणि बाकी सगळं डाव्याने करतो. अक्षर असं की बँकांमध्ये संगणक आले ते माझ्या अक्षरामुळे, असं आमच्याकडे म्हणतात.

त्यामुळे भाच्याने चौथ्या वर्षी पाटीवर डाव्या हाताने 'ग' काढला आणि ताईने ती पेन्सिल काढून त्याच्या उजव्या हातात दिली, तेव्हा मी आयुष्यात पहिल्यांदा ताईशी भांडलो. ताई माझ्याहून दहा वर्षांनी मोठी. तिच्यापुढे मी आजही खुर्चीच्या कडेवर बसतो. पण त्या दिवशी मी हटलो नाही. शेवटी तह झाला. पुरंदरच्या तहात महाराजांनी तेवीस किल्ले दिले आणि बारा राखले. आमचा तह साधारण त्याच बेताचा होता. लिहिणं, चित्रं काढणं, बॅट धरणं, दात घासणं एवढं डाव्या हाताकडे राहिलं. जेवण, तीर्थप्रसाद, आरती, पैशांची देवघेव आणि वडीलधाऱ्यांना काहीही देणं हे सगळं ताईने उजव्याकडे घेतलं. मुख्य किल्ला जेवणाचा. त्यावर ताईने कधीही बोलणी केली नाहीत.

आता ताईचं म्हणणं सरळ होतं. "तूच त्याला डावरा ठेवलास. आता तूच निस्तर."

तुम्ही उजवे असाल तर (दहातले नऊ असतातच) तुम्हाला यात काय एवढं, असं वाटेल. उजव्या माणसाला जगात दोन हात असतात. डावऱ्याला एक हात असतो आणि दुसरी एक चूक असते. भाषेतसुद्धा पाहा. मुलीचं लग्न झालं की ती उजवली. कामात खोट निघाली की ते डावं ठरलं. अर्जुन दोन्ही हातांनी बाण मारायचा म्हणून त्याला सव्यसाची म्हणतात. आता यातलं 'सव्य' म्हणजे संस्कृतात डावं, म्हणजे खरं कौतुक आमच्या हाताचं आहे, पण हे ऐकून घ्यायला कुणाला वेळ आहे! आम्हाला बरोबरीने वागवणारी जागा एकच, जेवणाचं पान. त्यात डावी बाजू असते आणि तिथे चटणी-कोशिंबीर मानाने वाढतात. पण खायचं उजव्या हाताने.

आणि वस्तू! कात्री घ्या, उजवी. चोच असलेली पळी घ्या, उजवी. कॉलेजातल्या त्या एका बाजूला फळी असलेल्या खुर्च्या घ्या, तिन्ही वर्षं मी त्यांत पिळवटून बसून वाणिज्य शाखेचा पदवीधर झालो. बँकेत खातेदारांसाठी दोऱ्याने बांधलेलं पेन काउंटरच्या उजव्या टोकाला. कॅशला असताना मी एका आजोबांना डाव्या हाताने नोटा दिल्या, तर त्यांनी त्या तशाच आत सरकवल्या. "लक्ष्मी अशी देतात का?" मी उजव्या हाताने पुन्हा दिल्या. नोटा त्याच होत्या. हॉकीची काठी तर जगभर फक्त उजवीच असते. डावी काठी नियमांतच बसत नाही. पोलोमध्ये डाव्या हातात काठी धरायला बंदी आहे. एक क्रिकेट तेवढं उदार. बॅटला उजवं-डावं नसतं, आणि डावखुरा फलंदाज खेळू लागला की मुंबईकराच्या तोंडून 'काय नजाकत आहे!' आपोआप निघतं. उलट सचिन तेंडुलकर खेळला उजव्या हाताने आणि सह्या करतो डाव्या हाताने, हे आम्ही डावरे लोक अर्धी सेंच्युरी आपली म्हणून मोजतो.

आता बंदुकीकडे येतो. आमच्या आजोबांकडे राजापूर तालुक्यात एक बंदूक होती. शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरची, मोडायची दुनळी. रानडुकरं भाताच्या खाचरात उतरायची आणि माकडं नारळ पाडायची, त्यांच्यासाठी. मोडायची म्हणजे खटका दाबला की मध्ये बिजागरीवर वाकते. दोन काडतुसं घाला, मिटवा, झालं. तिला उजवं-डावं फारसं नसतं. आजोबा डाव्या खांद्यावरून बार काढायचे आणि गावात त्याचं कुणाला काही वाटत नसे. निवडणूक जाहीर झाली की परवान्याच्या बंदुका पोलीस ठाण्यात जमा कराव्या लागतात. ग्रामपंचायत, पंचायत समिती, विधानसभा, लोकसभा... त्या बंदुकीने आयुष्यात डुकरांपेक्षा निवडणुकाच जास्त पाहिल्या. आजोबा गेले, काका ठाणे-बोरिवलीकडे पांगले, बंदूक ठाण्यात जमा झाली ती कायमची. माकडं अजून आहेत.

पण भाचा म्हणत होता ती रायफल दुनळी नव्हे, बोल्टची. बोल्ट म्हणजे काय, हे मी ताईला तिच्या दारावर दाखवलं. आपल्या बाहेरच्या दाराला ती जाड आडवी कडी असते ना, जिला कुलूप लावतो, तिची मूठ आधी वर उचलायची, मग मागे ओढायची, की दार उघडतं. पुन्हा पुढे सारायची, खाली पाडायची, की बंद. हुबेहूब तेच. मूठ उचलून मागे ओढली की झाडलेल्या गोळीचं रिकामं टरफल बाहेर उडतं, पुढे सारली की खालच्या कप्प्यातली नवी गोळी नळीत जाते, मूठ खाली पाडली की नळीचं दार बंद. जर्मनीतल्या माउझरने १८९८ साली ही कडी अशी काही पक्की बसवली की त्यानंतरच्या निम्म्याअधिक रायफली तिचीच भावंडं आहेत. आणि माउझरने मूठ बसवली उजव्या बाजूला.

उजव्या माणसाचं छान चालतं. डावा हात रायफलीखाली, उजव्या हाताचं बोट चापावर. बार झाला की तोच उजवा हात इंचभर वर जातो, खटाखट कडी मागे-पुढे करतो आणि परत चापावर. दस्ता खांद्याला, गाल दस्त्याला, डोळा सावजावर, काहीही हलत नाही. डावऱ्याचं काय होतं? त्याचं बोट चापावर आहे ते डाव्या हाताचं. कडी पलीकडच्या बाजूला. एक तर त्याने डावा हात रायफलीवरून पलीकडे टाकायचा, रिक्षात बसल्या बसल्या उजवीकडच्या माणसाच्या अंगावरून बाहेर हात काढल्यासारखा. नाहीतर खालचा उजवा हात सोडायचा, की नळी जमिनीकडे झुकलीच. या खटाटोपात गाल सुटतो, डोळा सुटतो आणि सावजही सुटतं. शिवाय टरफलं उडतात उजवीकडे, म्हणजे बरोबर डावऱ्याच्या नाकासमोरून.

हे मी ऐकीव सांगत नाही. कॉलेजात मी दोन वर्षं खाकी चढवून कवायत केली आहे. पॉइंट टू-टू रायफल होती, तीही कडीचीच. पोटावर झोपून मी ती डाव्या खांद्याला लावली. दुसऱ्या गोळीला डावा हात वरून पलीकडे टाकताना माझं कोपर शेजारच्या कॅडेटच्या कानात गेलं आणि त्याची गोळी समोरच्या टेकडीला लागली. उस्ताद धावत आले, त्यांनी रायफल काढून माझ्या उजव्या खांद्याला लावली आणि हिंदीत एक वाक्य उच्चारलं. त्यातला फक्त 'राइट' हा शब्द इथे छापता येईल.

तर भाच्यापुढे मार्ग तीन होते. एक, शेजाऱ्याकडे एक जुनी जादा रायफल पडून होती, थर्टी-ऑट-सिक्स गोळीची, म्हणजे १९०६ सालच्या मापाची. एल्कला ती गोळी पुरेशी आहे. रायफल फुकट मिळत होती, पण कडी उजवीकडे. दोन, चापाखालची दांडी खाली-वर करून गोळी भरायची ती लिव्हरची रायफल. ती दोन्ही हातांना सारखीच. बंगलोरचे केनेथ अँडरसन विंचेस्टरची तशीच वापरत. तीन, खास डाव्या कडीची नवी घ्यायची. अमेरिकेत सॅव्हेज कंपनीने १९६० च्या सुमारास डाव्या कडीच्या रायफली कारखान्यात काढायला सुरुवात केली, आणि आता रेमिंग्टन, रुगर, ब्राउनिंग, बऱ्याच जणांकडे मिळतात. मात्र मोजक्याच नमुन्यांत, मोजक्याच गोळ्यांच्या मापांत, आणि विकायला गेलं तर गिऱ्हाईक दहातलं एकच.

इथे आपल्याकडे हा प्रश्नच उद्भवत नाही. परवाना मिळालाच, तर पश्चिम बंगालमधल्या ईशापूरची .३१५ ची रायफल; तिची कडी उजवीकडे. आणि मारणार काय? वाघाची शिकार १९७० साली बंद झाली, १९७२ च्या वन्यजीव कायद्याने बाकीची. पिकांत घुसणाऱ्या डुकरासाठी वनखात्याची परवानगी काढावी लागते, आणि परवानगी येईपर्यंत डुक्कर जेवून, हात धुऊन गेलेलं असतं. थोडक्यात, आपल्या देशात डावऱ्या आणि उजव्या शिकाऱ्यांना पूर्ण समान वागणूक आहे. अशी समानता मी दुसरीकडे कुठे पाहिलेली नाही.

घरच्यांची मतं मी विचारली नव्हती, ती आली. माझी बायको म्हणाली, "फुकट ते पौष्टिक. शेजाऱ्याची वापर म्हणावं." मेहुण्यांनी, म्हणजे भाच्याच्या वडिलांनी, डॉलरचे रुपये केले आणि पाणी मागितलं. ताई म्हणाली, "एवढीच हौस असेल तर त्या कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेसारखी कागदावर मार. पॅरिसला २०२४ साली ब्राँझ मिळालं त्याला. कागद रडत नाही."

हे 'कागद रडत नाही' माझ्या डोक्यात राहिलं. ताईच्या घरात माडगूळकरांचं 'नागझिरा' आणि मारुती चितमपल्लींची सगळी पुस्तकं आहेत. ती मुंगीला वळसा घालून जाते. तिची काळजी खोटी नव्हती. आणि खरं सांगायचं तर मलाही ते शिंगांचं जनावर डोळ्यांसमोरून हलत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी दीडला, गर्दी ओसरल्यावर, मी डबा घेऊन सुभेदारांच्या स्टुलाशेजारी गेलो. त्यांनी सगळं शांतपणे ऐकलं. म्हणाले, "हात राहू द्या. डोळा कुठला आहे मुलाचा?"

हे मला नवीन होतं. माणसाला जसा एक हात जवळचा असतो तसा एक डोळाही जवळचा असतो, आणि निशाण त्या डोळ्याने धरायचं असतं. हात डावा पण डोळा उजवा अशी माणसंही पुष्कळ असतात. अशाने खुशाल उजवी रायफल घ्यावी. परीक्षा सोपी आहे. दोन्ही हात समोर ताठ करायचे, तळहात एकमेकांवर ठेवून मध्ये एक छोटं भोक ठेवायचं आणि दोन्ही डोळे उघडे ठेवून त्यातून लांबची एखादी वस्तू पाहायची. मग एकेक डोळा मिटायचा. ज्या डोळ्याला ती वस्तू दिसत राहते, तो तुमचा मालक डोळा.

पाच मिनिटांत आख्खी शाखा हात ताठ करून भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होती. खातेदारांपैकी एका बाईंनी विचारलं, "ही नवीन केवायसी का?" आणि उत्तराची वाट न पाहता पिशवी खाली ठेवून त्यांनीही हात ताठ केले. शाखाधिकारी केबिनमधून बाहेर आले. कुणीतरी म्हणालं, "साहेब, टार्गेट बघतोय." साहेबांचा चेहरा पडला. "किती राहिलंय?"

अकरा जणांत डाव्या डोळ्याचे आम्ही दोघंच निघालो, मी आणि सोनेतारण कर्जाच्या बाई. रात्री व्हिडिओ कॉलवर भाच्याची परीक्षा घेतली. त्याने खिडकीतून शेजाऱ्याच्या गॅरेजवरचा दिवा धरला. डोळा डावा. हात डावा, डोळा डावा, पळवाट बंद.

तरी भाचा म्हणालाच, "मामा, पण फुकटची वापरायला काय हरकत आहे? रायफल कशावर तरी टेकवलेली असली तर उलट सोयीचं. डावा हात चापावर ठेवायचा, उजवा मोकळाच असतो, त्याने कडी ओढायची." हे खरं आहे. टेबलावर, दगडावर, वाळूच्या पिशवीवर रायफल टेकवली तर डावऱ्याला उजवी कडी अडत नाही. मी सुभेदारांना तेही विचारलं. ते म्हणाले, "एल्क टेबलाची व्यवस्था करणार आहे का?"

मग त्यांनी स्टुलावरून उठून, रिकाम्या हातांत रायफल असल्यासारखं उभं राहून दाखवलं. "पहिली गोळी कुठल्याही बंदुकीतून नीट जाते, साहेब. वेळ असतो. दुसरी कधी लागते? पहिली चुकीच्या जागी बसली तर. जनावर पडलेलं नसतं, पळत असतं. तेव्हा दोन सेकंदांत दुसरी गेली पाहिजे. नाही गेली, तर ते जंगलात जाऊन कुठेतरी दोन दिवसांनी मरणार. तुमचा भाचा हात पलीकडे टाकून कडी शोधत बसणार, आणि ते बिचारं..." पुढचं त्यांनी सांगितलं नाही. खाली बसले आणि दुनळी मांडीवर घेतली.

जिम कॉर्बेटची गोष्ट मला त्या वेळी आठवली. चंपावतची नरभक्षक वाघीण मारल्याबद्दल १९०७ साली संयुक्त प्रांताचे लेफ्टनंट गव्हर्नर सर जॉन ह्युएट यांनी त्याला .२७५ ची रिग्बी दिली. बोल्टची, उजव्या कडीची. १९३० साली चौगढची वाघीण काही पावलांवर समोर आली, तेव्हा कॉर्बेटच्या उजव्या हातात ती रायफल होती, आणि डाव्या हातात रातव्याची दोन अंडी. वाटेत सापडलेली. अंडी फुटू न देता त्याने एका हाताने रायफल इंचाइंचाने वळवली आणि बार काढला. वाघीण पडली, अंडी पुन्हा जागेवर नेऊन ठेवली. शिकारीच्या वाङ्मयात डाव्या हाताला मिळालेली ही सर्वांत मोठी भूमिका: अंडी सांभाळणे! पण कॉर्बेटला एकाच गोळीत काम भागवता येत असे. आमचा भाचा पार्ल्यात वाढलेला. त्याने आयुष्यात बेचकीनेसुद्धा कैरी पाडलेली नाही. त्याला दुसरी गोळी लागणारच.

संध्याकाळी मी ताईकडे गेलो. ती गवार निवडत होती. मी म्हटलं, "तो जाणार हे ठरलंय. परवान्यासाठी परीक्षा द्यावी लागते, ती तो पास झालाय. त्या राज्यात मारलेल्या जनावराचं मांस वाया घालवणं हा गुन्हा आहे, नुसती शिंगं घेऊन येता येत नाही, तेवढं त्यांचंही बरं आहे. आता प्रश्न एवढाच, की फुकटच्या उजव्या कडीने त्याला अर्धवट मारू द्यायचं, की पैसे घालून पुरतं." आणि सुभेदारांनी जे सांगितलं ते सगळं सांगितलं, त्यांनी न सांगितलेलं सोडून.

ताई बराच वेळ गवार मोडत राहिली. मग म्हणाली, "जखमी होऊन पळालं तर शोधतात का रे?"

"शोधतात. दिवसभर शोधतात."

"आणि नाही सापडलं तर?"

मी काही बोललो नाही. ताईने शेंगांचा ढीग परातीत ओतला, देठं कागदात गुंडाळली. "डावी घे म्हणावं त्याला. पैसे कमी पडले तर विचार."

आमच्या घराण्यात डाव्या हातासाठी पैसे खर्च करायला निघालेली ही पहिली परवानगी. चाळीस वर्षांत माझ्यासाठी कुणी कात्रीसुद्धा डावी आणली नव्हती. आनंद व्हावा, तर तो असल्या कामासाठी. मी चहा घेऊन घरी आलो.

भाच्याने सगळं धुंडाळून फिनलंडची 'टिक्का' निवडली. ताईला वाटलं, कबाबाच्या दुकानातून आणली. मी तिला समजावलं, की फिनलंडच्या भाषेत टिक्का म्हणजे सुतारपक्षी. यावर ती जरा सैल झाली. पक्षी म्हटलं की ती सैल होतेच. जेमतेम तीन किलो वजन, थर्टी-ऑट-सिक्सचीच गोळी, म्हणजे शेजाऱ्याकडची काडतुसं चालतात. कडी डावीकडे, टरफल बाहेर पडायची खिडकी डावीकडे, बंदूक बंद ठेवायचा खटकाही डाव्या अंगठ्याच्या हिशेबाने. भाच्याने पहिल्यांदा कडी ओढतानाचं चित्रीकरण पाठवलं. मी ते किती वेळा पाहिलं हे सांगत नाही. हात वर, मागे, पुढे, खाली. कुठेही अडखळणं नाही, पिळवटणं नाही, गाल हललेला नाही. उजव्या माणसांचं आयुष्य रोज असं असतं, हे मला त्या बारा सेकंदांत कळलं. सुभेदारांना दाखवलं. त्यांनी मोबाइल लांब धरून पाहिलं, परत दिला आणि म्हणाले, "लोण्यासारखी आहे." मग थोड्या वेळाने, "फौजेत नव्हती अशी."

शिकारीचा हंगाम ऑक्टोबरच्या मध्याचा, म्हणजे दसऱ्याच्या आगेमागे. खंडेनवमीला पार्ल्यात घरोघरी हत्यारांची पूजा होते. हत्यारं म्हणजे विळी, पक्कड, स्क्रू-ड्रायव्हर आणि शिवणयंत्र. त्या वर्षी ताईच्या पाटावर या सगळ्यांच्या शेजारी मोबाइल उभा होता आणि मोबाइलमध्ये रायफल. ताईने इकडून मोबाइलच्या काचेला हळदकुंकू लावलं. शिकारीला जाताना कोलोरॅडोत अंगावर आणि डोक्यावर झगझगीत नारिंगी घालावं लागतं, दुसऱ्या शिकाऱ्याची गोळी लागू नये म्हणून. हरणांना तो रंग नीटसा कळत नाही. भाच्याने तो वेष घालून दाखवला. "संन्यास घेतल्यासारखा दिसतोस," मेहुणे म्हणाले. सगळ्या सोहळ्यात ते एवढंच बोलले.

चौथ्या दिवशी पहाटे निरोप आला. 'मिळाला. दोन गोळ्या.' फोटो नव्हता. मी विचारलं नाही. रात्री त्यानेच फोन केला. पहिली थोडी मागे बसली होती. एल्क वळला. "दुसरी कधी झाडली ते मला कळलंच नाही मामा. हातच गेला." तो जिथे उभा होता तिथून वीस पावलांत पडला. मग हा त्याच्याजवळ बराच वेळ बसून राहिला होता, असं शेजाऱ्याने नंतर सांगितलं म्हणे. मी ताईला 'दोन गोळ्या' आणि 'वीस पावलं' एवढंच कळवलं. "बरं," म्हणाली आणि फोन ठेवला.

त्यानंतर आठ दिवस ताईने अमेरिकेला फोन केला नाही. नवव्या दिवशी, रविवारी, मी तिच्याकडे असतानाच तिने केला. तिकडे रात्रीची जेवणं चालली होती. भाच्याने ताईच्याच हातचा गोडा मसाला घालून रस्सा केला होता. भाताचं ताट पुढे होतं. ताईने चष्मा लावला आणि मोबाइल डोळ्यांजवळ नेला. मला वाटलं, आता काय बोलते! मेहुण्यांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं. भाचाही घास हातात धरून थांबला.

"कुठल्या हातानं जेवतोयस?" ताई म्हणाली. "उजव्या हातानं जेव आधी."